कपडा अंगासाठी की अंग कपड्यासाठी?

फेब्रुवारी सरला की आमच्याकडे वॉयल आणि मलमलीचे तुकडे कपाटाबाहेर येतात. भाच्यांचे फ्रॉक, माझे बिनबाह्यांचे कुडते, आईचे गाऊन... उन्हाळ्याचे कपडे घरीच शिवायचे ही आमची जुनी खोड.

मागच्या वर्षी मोठ्या भाचीने दुकानातला एक ड्रेस घालून पाहिला आणि म्हणाली, "मावशी, मी मीडियममध्ये बसत नाही." ड्रेस मला बसत नाही असं नाही म्हणाली, बरं का! म्हणजे खोट ड्रेसची नव्हे, तिची. ते वाक्य डोक्यातून जाईना. मग हे साइज प्रकरण मुळात आलं कुठून, ते धुंडाळत बसले.

अमेरिकेतल्या बायकांच्या मासिकांत १८५० च्या दशकात कपड्यांचे नमुने यायचे, पण एकाच मापाचे. ते आपल्या अंगाला जुळवून घेणं जिचं तिने बघायचं. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने एकाच कपड्याचे लहान-मोठ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले. आधी पुरुषांचे आणि मुलग्यांचे, मग १८६६ पासून बायकांचेही. शिवणयंत्रं तेव्हा नुकती घरांत शिरत होती. पातळ कागदाची घडी उलगडली, कापडावर टाचली, की कापायला मोकळं. केवढी सोय!

पण सोयीबरोबर आकडाही घरात आला.

पुढे १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने (हो, कृषीच!) सुमारे १५ हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. हिशेबात मात्र फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली. त्या मोजणीच्या आधारे १९५८ मध्ये तयार कपड्यांसाठी सरकारी प्रमाणमाप ठरलं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं. आपल्याकडे भारतीय मापांचा तक्ता बनवायचा म्हणून निफ्टने देशभर मापं घेण्याचा प्रकल्प जाहीर केला तो २०१८ मध्ये. आणि आपल्या पोरी एस-एम-एलच्या चिठ्ठ्या बघून स्वतःला नावं ठेवत होत्या, त्या कितीतरी आधीपासून.

असो. पॅटर्नवर माझा राग नाही, मी रोज वापरते. फक्त त्याचं सगळं ऐकायचं नसतं. उंची कमी पडत असेल तर खालून नुसतं कापड जोडून भागत नाही, कंबर वरच राहते. पॅटर्न कमरेच्या वर आडवा कापायचा, दोन भाग हवे तेवढे लांब सरकवायचे आणि मधल्या फटीत वर्तमानपत्राचा कागद चिकटवायचा. छाती वाढवायची तर चारी बाजूंनी सारखं वाढवून चालत नाही, कारण खांदे त्या प्रमाणात रुंदावत नाहीत आणि बाही ओघळते. उन्हाळ्यासाठी घेर आणि मुंढा जरा सैल ठेवायचा, म्हणजे वारा खेळतो. सुती कापड बेतण्याआधी पाण्यातून काढायचं. आणि वाढत्या अंगाच्या मुलांसाठी आत दोन बोटं कापड सोडायचं, पुढच्या उन्हाळ्यात उसवून वाढवता येतं.

आपल्या शिवणवर्गांत हेच शिकवत आले. आधी टेप अंगाभोवती, मग आकडे वहीत, मग खाकी कागदावर कटिंग. तिथे प्रत्येकीची वही वेगळी आणि कोणाचंच अंग चुकीचं नाही.

या कामाला आपल्याकडे शब्द आहे तो 'बेतणं'. कापड आहे तेवढंच असतं आणि अंग आहे तसंच असतं. दोन्हींकडे नीट बघून बेत करायचा आणि मगच कात्री लावायची. घरी मशीन असेल तर या सुट्टीत पोरींना एवढं तरी शिकवाच. फ्रॉक वाकडा झाला तरी चालेल, पण आपल्या अंगाचं माप आपणच घ्यायचं असतं, हे त्यांना कळेल.