रक्ताचा थेंब आणि औषधाची मात्रा

औषध योग्य हवं तशी त्याची मात्राही योग्य हवी, हे आपल्या आजीबाईच्या बटव्यालाही ठाऊक होतं. पण पोटात गेलेलं औषध पुढं किती उरलं, हे कळावं कसं?

हौद डोळ्यांपुढं आणा. वरून पाणी पडतं, मोरीतून जातं. औषध हे पाणी आणि यकृत व मूत्रपिंडं या मोऱ्या. कुणाची मोरी रुंद, कुणाची अरुंद. म्हणून एकच गोळी एकाला अपुरी पडते, दुसऱ्याला बाधते. हौदाची पातळी पाहायची तर रक्तच तपासायला हवं.

आता गुरुजींनी वर्गात घालावं असं गणित. तान्ह्या बाळात वजनाच्या किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असतं. तीन किलोच्या बाळात २४०. त्यातून ५ मिलिलिटर काढणं म्हणजे मोठ्या माणसाचं १०० काढण्यासारखं! तेव्हा थेंबावरच भागवायला हवं.

१९१३ साली लुंडच्या इव्हार बँग यांनी टिपकागदावरच्या थोड्याशा रक्तातून साखर मोजण्याची रीत सांगितली. पुढं १९२२ साली माणसाला इन्सुलिन मिळालं आणि अशा मोजमापाची खरी निकड भासली. कारण इन्सुलिन कमी पडलं तरी घात, जास्त झालं तरी घात. १९६३ साली अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून कागदावर टिपलेल्या रक्तावरून एक जन्मजात विकार ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या विकाराच्या मुलांचं पथ्य किती कडक ठेवायचं, हेही अशा थेंबावरून ठरवता येऊ लागलं. वाळलेला कागद टपालानं धाडता येतो. खेड्याच्या दृष्टीनं ही केवढी सोय!

आता आपल्या पुण्याकडे या. आईला एच.आय.व्ही. असेल तर तिची प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून नेहमीची तपासणी फसवते, आणि वाट पाहावी तर लागण झालेलं मूल हातचं जातं. म्हणून विषाणूच शोधावा लागतो. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयानं इथिओपिया व युगांडाच्या डॉक्टरांसह तान्ह्या मुलांना सहा आठवडे रोज नेव्हिरॅपिन देऊन पाहिलं. २००८ साली निष्कर्ष आले. सहाव्या आठवड्यापर्यंत लागण घटली, पण सहाव्या महिन्यापर्यंत तो लाभ पुरेसा टिकला नाही. २०१० साली देशात वाळलेल्या थेंबावरून बाळांची तपासणी सुरू झाली. १९९२ साली स्थापन झालेली भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ही तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांपैकी एक होती.

थेंबानं औषध सुरू करायचं की नाही हे सांगितलं. पण मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, आणि मूल वाढतं तशी तीही वाढवावी लागते. तेव्हा आयाबायांनो, सुई पाहून बाळाला मागं ओढू नका, आणि मागच्या वर्षीचीच मात्रा यंदाही देऊ नका. दर खेपेला बाळाचं वजन करवून घ्या आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच द्या.