दोन भाऊ, एक शर्यत

१/ आग्रा महामार्गाने ओझर ओलांडले की नाशिक येते. तेथील डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी जून २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. दुहेरी गटात ती पूर्ण करणारी ही पहिली भारतीय जोडी.

२/ १९८२ साली अवघ्या चार सायकलस्वारांनिशी सुरू झालेली ही शर्यत सुमारे ४,८०० किलोमीटरची. वाटेत वाळवंट आणि रॉकी पर्वत. चढणीला हलकी सायकल हवी, सपाटीला वारा कापणारी.

३/ घड्याळ मात्र अखंड चालते. एक भाऊ विसावतो तेव्हा दुसरा पायडल मारतो. एकाचा थकवा दुसऱ्याच्या वाट्याला येतो. म्हणून सायकलीआधी जोडीदार पारखावा लागतो. नऊ दिवसांची मुदत सरण्यापूर्वी दोघेही अ‍ॅनापोलिसला पोहोचले.