भारतीय लेखा मानके

भारतीय लेखा मानके, संक्षेपाने इंड एएस, म्हणजे भारतातील मोठ्या व सूचिबद्ध कंपन्यांनी ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आदी वित्तीय विवरणे कशी तयार करावीत हे ठरवून देणारी कायदेशीर नियमावली होय. लंडन येथील आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाच्या मानकांशी ती बव्हंशी जुळते. ही मानके वेळोवेळी बदलतात. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करण्यापूर्वी ते आकडे कोणत्या नियमाने मोजले आहेत, हे पाहणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

भारतीय सनदी लेखापाल संस्थेने १९७७ मध्ये लेखा मानक मंडळ स्थापन केले. त्या मंडळाची जुनी मानके लहान कंपन्या आजही पाळतात. इंड एएसचे नियम १६ फेब्रुवारी २०१५ रोजी अधिसूचित झाले. १ एप्रिल २०१६ पासून ५०० कोटी रुपये वा अधिक नक्त मूल्य असलेल्या कंपन्यांना आणि पुढील वर्षापासून उर्वरित सूचिबद्ध कंपन्यांना, तसेच २५० कोटींवरील असूचिबद्ध कंपन्यांना ते बंधनकारक झाले. बँकांसाठी मात्र रिझर्व्ह बँकेने मार्च २०१९ मध्ये ही अंमलबजावणी पुढील आदेशापर्यंत लांबणीवर टाकली.

बदलाची प्रक्रिया

मानकाचा मसुदा सनदी लेखापाल संस्था तयार करते. राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाशी विचारविनिमय झाल्यावर केंद्र सरकार ते राजपत्रात प्रसिद्ध करते. अनेकदा हे मार्चअखेरीस घडते. ३१ मार्च २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या दुरुस्त्या दुसऱ्याच दिवशी लागू झाल्या. अर्थात मूळ आंतरराष्ट्रीय दुरुस्त्या आधीच ज्ञात असल्याने सजग लेखापालाची धांदल उडण्याचे कारण नसते.

भाडेपट्ट्याचे उदाहरण

१ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या मानक ११६ मुळे काय बदलले, हे एका काल्पनिक दुकानावरून समजते. दुकान ५ वर्षांसाठी भाड्याने घेतले असून प्रत्येक वर्षाअखेर १० लाख रुपये द्यावयाचे आहेत. जुन्या पद्धतीत दरवर्षी १० लाख भाडेखर्च दिसे. पुढील वर्षांच्या भाड्याचे देणे ताळेबंदात येतच नसे. नव्या नियमानुसार, व्याजदर १० टक्के धरल्यास, पाचही हप्त्यांचे वर्तमान मूल्य सुमारे ३७.९१ लाख येते. तेवढे देणे एका बाजूस आणि तेवढ्याच मूल्याचा वापराचा हक्क मालमत्ता म्हणून दुसऱ्या बाजूस नोंदवला जातो. पहिल्या वर्षी व्याज ३.७९ लाख व घसारा ७.५८ लाख, म्हणजे एकूण खर्च ११.३७ लाख होतो. शेवटच्या वर्षी तो ८.४९ लाखांवर येतो. पाच वर्षांची बेरीज ५० लाखच राहते. घरमालकाच्या हाती पडणारी रक्कमही तीच असते.

तरीही कंपनीचे कर्ज वाढलेले दिसते आणि भाडेखर्चाची ओळ नाहीशी झाल्याने व्याज, कर व घसाऱ्यापूर्वीचा नफा फुगतो. या फुगवट्याला व्यवसायाची प्रगती मानणे चूक होय. मानकाने मागील वर्षाचे आकडे न बदलण्याची मुभा दिल्यामुळे ज्या कंपन्यांनी ती घेतली, त्यांच्या २०१९-२० च्या अहवालात शेजारी छापलेले दोन स्तंभ वेगवेगळ्या नियमांचे आहेत. १२ महिने वा त्याहून कमी मुदतीच्या, तसेच अल्पमूल्य वस्तूंच्या भाडेपट्ट्यांना यातून सूट घेता येते.

गृहबांधणी

मानक ११५ मुळे, १ एप्रिल २०१८ पासून, अनेक बांधकाम कंपन्या कामाच्या प्रगतीनुसार उत्पन्न दाखवण्याऐवजी ग्राहकाला ताबा दिल्यावर ते दाखवू लागल्या. इमारत पूर्वीच्याच गतीने उभी राहत असताना विक्रीचा आकडा घसरलेला दिसू शकतो, तो यामुळे.

वाचकास उपलब्ध माहिती

धोरण बदलल्यास त्याचे स्वरूप व परिणाम टिपणीत देणे मानक ८ नुसार आवश्यक आहे. अधिसूचित झालेल्या पण अद्याप लागू न झालेल्या मानकांचा उल्लेखही तेथेच करावा लागतो. ही टिपणे अहवालाच्या उत्तरार्धात बारीक अक्षरांत असतात व बहुधा वाचली जात नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले आंतरराष्ट्रीय मानक १८ नफा-तोटा पत्रकाची मांडणीच बदलते; आंतरराष्ट्रीय स्तरावर ते १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू होईल.