दोन रुळांमधील अंतर

छत्तीसगढात आगगाडी आली ती नागपुराकडून. १८८०च्या सुमारास नागपूरपासून राजनांदगावपर्यंत जो लोहमार्ग घातला गेला, तो मीटरगेज होता. म्हणजे त्याच्या दोन रुळांमधील अंतर सव्वातीन फुटांहून थोडे अधिक होते. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग आपल्याकडे घेतला, साडेपाच फुटी ब्रॉडगेजमध्ये त्याचे रूपांतर केले आणि रायपूर-बिलासपूरवरून तो पुढे बंगालकडे नेला. पण रुंद रूळ रायपुरात स्थिरावतात न स्थिरावतात तोच, १९०० साली, रायपूरपासून धमतरीपर्यंत अडीच फुटांची नॅरोगेज सुरू झाली. जंगलपट्टीतला माल या छोट्या गाडीने रायपुरास येई आणि तेथे अडे. मोठ्या गाडीचे रूळ शेजारीच असत, पण छोट्या गाडीचा डबा त्यांवर चढू शकत नसे. एकेक पोते, एकेक ओंडका हमालांच्या खांद्यावरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाई. माल तोच, स्थानकही तेच. अडचण होती ती केवळ रुळांच्या मापाची.

शंभर वर्षांनंतर हीच अडचण त्याच शहरातील घराघरांत नव्या रूपाने येऊन उभी राहिली. तात्यापारा किंवा चौबे कॉलनी येथील एखाद्या मराठी घराची कल्पना करावी. बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा संगणक आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यावर आठवणी लिहिल्या, कुलवृत्तान्त जुळवला, नागपूर-पुण्याच्या नातलगांची छायाचित्रे साठवली. आतल्या खोलीत नातवाचा नवा लॅपटॉप आहे. दोन्ही यंत्रे एकाच राउटरला जोडलेली आहेत, दोन्हींवर इंटरनेट चालते. आणि तरीही एकाला दुसऱ्याचा फोल्डर दिसत नाही. तारा शाबूत, यंत्रे शाबूत, आणि संवाद मात्र तुटलेला! याचे कारण शोधावयाचे तर या संवादाच्या भाषेचा इतिहास पाहावा लागतो.

एका संगणकावरील फाईल दुसऱ्याने मागावी कशी आणि पहिल्याने ती द्यावी कशी, याची एक ठरीव भाषा असते. तिचे नाव सर्व्हर मेसेज ब्लॉक, संक्षेपाने एसएमबी. आयबीएम या कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ साली तिची पहिली मांडणी केली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती स्वीकारली आणि १९९२च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’पासून ती सामान्य कचेऱ्यांत रुळली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या तरुण संशोधकाने दोन यंत्रांमधील बोलणे बाहेरून न्याहाळून ही भाषा उलगडली आणि सर्वांना मोफत वापरता येईल अशी तिची आवृत्ती रचली. या प्रणालीला पुढे नाव हवे होते, तेव्हा त्याने शब्दसंग्रहातून एस, एम आणि बी ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द शोधले, आणि त्यांतून ‘सांबा’ हे नाव निघाले.

पहिली एसएमबी ज्या काळात जन्मली तो विश्वासाचा काळ होता. जाळे लहान, माणसे ओळखीची, आणि दारावर पहारा असावा असे कोणास फारसे वाटत नव्हते. वर्षे गेली तशी या भाषेत भर पडत गेली आणि तिच्या आज्ञांची संख्या शंभरावर गेली. म्हणून ‘विंडोज व्हिस्टा’बरोबर २००६ साली तिची दुसरी आवृत्ती नव्याने रचली गेली, तिच्यात अवघ्या एकोणीस आज्ञा ठेवल्या होत्या. २०१२ साली तिसरी आवृत्ती आली आणि जाणारा-येणारा मजकूर सांकेतिक रूपात झाकण्याची सोय झाली. तथापि पहिली आवृत्ती कोणी मोडीत काढली नाही. जुनी यंत्रे चालू होती, आणि त्यांच्यासाठी जुने दार उघडे राहिले.

त्या दारातून संकट आले ते १२ मे २०१७ रोजी. ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्राम पहिल्या एसएमबीतील एका दोषाचा फायदा घेऊन एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात शिरू लागला. फायली कुलूपबंद करून तो खंडणी मागे. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांना ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. वस्तुतः त्या दोषावरचा उपाय दोन महिने आधीच प्रसिद्ध झाला होता. पण अनेकांनी तो योजला नव्हता. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ‘विंडोज १०’ची जी आवृत्ती निघाली, तिच्या नव्या मांडणीत पहिली एसएमबी मुळातच बसवलेली नव्हती. नव्या यंत्राने जुनी बोली बोलण्याचे सोडून दिले, ते असे.

येथे रायपूरच्या त्या घरातील कोड्याचा उलगडा होतो. ‘विंडोज एक्सपी’ला केवळ पहिली एसएमबी येते; नव्या यंत्राने तीच टाकून दिली. मात्र जुना संगणक ‘विंडोज ७’चा असेल, तर त्याला दुसरी आवृत्ती अवगत असते आणि दोष अन्यत्र शोधावा लागतो. शोधाचा क्रम साधा आहे. दोन्ही यंत्रे खरोखर एकाच जाळ्यात आहेत ना, की एक राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यात आहे, हे प्रथम पाहावे. नव्या यंत्राने घरातील जाळे ‘प्रायव्हेट’ मानले आहे ना, हे नंतर तपासावे. यंत्रांच्या यादीत नाव दिसत नाही एवढ्यावरून संबंध तुटला असे समजू नये. ती यादी जुन्या पद्धतीने तयार होई आणि पहिल्या एसएमबीबरोबर तीही गेली. अशा वेळी दुसऱ्या यंत्राचा अंकी पत्ता थेट लिहिला की पुष्कळदा दार उघडते. ते उघडूनही प्रवेश नाकारला गेला, तर खाते आणि परवलीचा शब्द यांकडे वळावे. पूर्वी पाहुणा म्हणून विनापरवाना आत जाता येई; २०२४च्या ‘विंडोज ११’मध्ये तो मार्ग बहुतांशी बंद झाला आहे.

आणि यंत्र एक्सपीचेच असेल तर? नव्या संगणकावर पहिली एसएमबी पुन्हा चालू करता येते, आणि पुष्कळ जण तेच करतात. परंतु एका जुन्या पाहुण्यासाठी घराचे मोडके दार कायमचे उघडे ठेवण्यासारखे ते आहे. त्याहून शहाणपणाचा मार्ग रायपूरच्या हमालांचाच आहे: माल उतरवावा आणि दुसऱ्या गाडीत भरावा. जुने यंत्र जाळ्यापासून तोडून पेन ड्राइव्हने फायली न्याव्यात व त्या विषाणूंसाठी तपासून घ्याव्यात. किंवा जुनी हार्ड डिस्क काढून ती नव्या यंत्राला जोडावी. जुने यंत्र टाकवत नसेल, तर त्यावर हलकी लिनक्स प्रणाली बसवावी. सांबाच्या साहाय्याने ते नवी भाषा बोलू लागते.

परंतु मराठी घराची कथा येथे संपत नाही. फाईल सुखरूप येऊन पोहोचते आणि उघडताच पडद्यावर इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि कंस यांची खिचडी दिसते. कारण जुन्या काळी देवनागरी लिहिण्याचे प्रत्येक फाँटचे गणित निराळे होते. इंग्रजी अक्षराच्या जागी नागरी आकृती बसवून काम भागवले जाई. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि विंडोजमध्ये देवनागरीला खरे स्थान २००० साली मिळाले. छत्तीसगढ राज्य होऊन रायपूर त्याची राजधानी झाले, तेही त्याच वर्षी. तथापि जुने फाँट त्यानंतरही वर्षानुवर्षे वापरात राहिले. म्हणून अशा फाईलबरोबर तिचा फाँटही जुन्या यंत्रातून काढून ठेवावा आणि परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणून तो मूळ प्रतीशी ताडून पाहावा. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात.

भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगढाच्या कारभारात मोडी लिपी आली. ते कागद जेथे टिकले, तेथेही आज ते वाचणारी माणसे थोडी आहेत. त्या लिपीला अपरिचित होण्यास काही पिढ्या लागल्या. संगणकावरील अक्षरांना वीस वर्षे पुरतात. धमतरीच्या गाडीचे अरुंद रूळ रायपूर शहरातून उठले असून त्या वाटेवर आता रुंद रस्ता झाला आहे. रूळ उठतात त्याचे दुःख मानण्याचे कारण नाही. मात्र ते उठण्यापूर्वी शेवटच्या डब्यातला माल उतरवून घेतलेला असावा. वडीलधाऱ्यांच्या त्या आठवणी अजून बाहेरच्या खोलीतील यंत्रात आहेत, आणि ते यंत्र अजून सुरू होते.