उत्सवाचे दार आणि आपली ज्ञाती



ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांचे स्मरण करण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु पूर्वजांची थोरवी गाताना त्यांनी जे ओझे आपल्या शिरावर ठेवले, त्याचा आपल्याला विसर पडतो. म्हणून यंदा आम्ही भंडारी ज्ञातीत जन्मलेल्या रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या आयुष्यातील एका गणेशोत्सवाची हकीकत सांगणार आहोत.

बोले यांनी १९०९ साली कामगार हितवर्धक सभा स्थापन केली, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. याच ठरावाच्या आधारावर पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. ज्याने ठराव मांडला त्याच्या ज्ञातीत आपण जन्मलो, याचा अभिमान कोणास वाटणार नाही?

ठरावाने विहीर खुली झाली, पण देव? १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात हा प्रश्न उभा राहिला. वर्गणी जर सर्वांची, तर पूजेचा अधिकारही सर्वांचा, अशी मागणी प्रबोधनकार ठाकरे यांनी लावून धरली. रावबहादूर बोले आणि डॉ. आंबेडकर त्यांच्यासमवेत होते. व्यवस्थापक मंडळी राजी होईनात. मोठ्या वादावादीनंतर तडजोड निघाली. पुजाऱ्याने पूजा आटोपावी, मग स्नान केलेल्या एका दलित बांधवाने फुलांचा गुच्छ त्याच्या हाती द्यावा आणि पुजाऱ्याने तो मूर्तीस वाहावा, असे ठरले. त्याप्रमाणे गणपत महादेव जाधव ऊर्फ मडकेबुवा यांनी फुले दिली.

हा विजय म्हणावा की नाही? फुले देवापर्यंत गेली, परंतु परक्या हातातून गेली. न्याय अर्धाच पदरी पडला. आणि तेवढाही काहींच्या पचनी पडला नाही. सर्वांना सामावून घेण्यापेक्षा व्यवस्थापकांनी तो उत्सवच बंद केला. तेव्हा प्रबोधनकार व त्यांचे सहकारी खचून न जाता दादरलाच भवानीमातेचा सार्वजनिक नवरात्रोत्सव भरवू लागले. एक दार लागले, म्हणून त्यांनी दुसरे घर बांधले.

या हकीकतीत एक गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे. ठाकरे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, बोले भंडारी, आंबेडकर महार. तिघांच्या ज्ञाती निराळ्या, पण मागणी एकच होती. आपल्या ज्ञातीचे हित साधणारे बोले दुसऱ्याच्या हक्कासाठी उभे राहिले, यात त्यांना विसंगती वाटली नाही. ज्ञातिसेवा म्हणजे कुंपण घालणे नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

आता आपण आपल्या घराकडे वळू. आपल्याही ज्ञातीचे उत्सव होतात. सत्यनारायण, हळदीकुंकू, स्नेहसंमेलन. मंडप घालणारा, वाजंत्री, सकाळी झाडणारी बाई यांची हजेरी आपण गृहीत धरतो. पंक्ती बसल्या की मात्र त्यांची पाने कोठे मांडली जातात? मडकेबुवांचा गुच्छ पुजाऱ्याच्या हातातून गेला त्यास आता शंभर वर्षांचा काळ लोटत आला. आपल्या मंडपात तो आजही कोणाच्या तरी हातातून जात नाही ना, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी पडताळावे.

रावबहादूर बोले यांच्या तसबिरीस हार घालणे सोपे आहे. पुढील उत्सवात आरतीचे तबक प्रथम कोणाच्या हाती द्यायचे, हे ठरविणे कठीण आहे. आम्हांस वाटते, त्यांचे खरे स्मरण त्या दुसऱ्या गोष्टीतच आहे.