लंडनच्या संग्रहालयांतील वऱ्हाडचा ऐवज

यवतमाळजवळचे भांब हे गाव आज जिल्ह्याच्या नकाशावर शोधूनच सापडावे असे असले, तरी अठराव्या शतकाच्या आरंभीच्या काही दशकांत वऱ्हाडच्या मुलखातील चौथाईचा हिशेब ज्या ठाण्यावर होत असे, ते ठाणे हेच होते. शाहू छत्रपतींनी परसोजी भोसल्यांस ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब देऊन वऱ्हाडचा मोकासा त्यांच्याकडे सोपविला. परसोजींच्या मागे त्यांचे चिरंजीव कान्होजी यांनी भांब येथे आपले ठाणे केले. आणि पुढे कान्होजींविषयी सातारच्या दरबारात नाराजी उत्पन्न झाली, तेव्हा त्यांच्याच कुळातील रघूजी भोसल्यांना तो किताब देऊन त्यांच्यावर पाठविण्यात आले. रघूजींनी भांबला वेढा दिला, कान्होजी निसटले, आणि वणीनजीक मंदर येथे गाठले जाऊन साताऱ्यास रवाना झाले. नागपूरकर भोसल्यांच्या ज्या राज्याने पुढे कटकपर्यंत अंमल बसविला आणि १७५१ च्या तहाने बंगालच्या नवाबाकडून दरसाल बारा लक्ष रुपयांची चौथाई मान्य करून घेतली, त्या राज्याच्या उदयाचा एक निर्णायक प्रसंग असा आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या भूमीवर घडला.

त्या रघूजींच्या नावाची एक तलवार २०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडनमध्ये सदबीज या पेढीच्या लिलावात निघाली. पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचे काम. आणि पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा’ ही नाममुद्रा. महाराष्ट्र शासनाने ती ४७.१५ लक्ष रुपयांस घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोहोचली. नागपूरकरांचा जामदारखाना परक्यांच्या हाती दोन वेळा पडला होता. एकदा १८१७ च्या अखेरीस, सीताबर्डी आणि नागपूर येथील लढायांनंतर, आणि दुसऱ्यांदा १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर, जेव्हा डलहौसीने राज्य खालसा केले आणि राजवाड्यातील जडजवाहीर व चीजवस्तू जप्त होऊन लिलावात निघाल्या. जो ऐवज अशा रीतीने बाहेर पडला असावा, त्याला किंमत देऊन परत घेण्याची पाळी इतक्या वर्षांनी आपल्यावर यावी, ही गोष्ट मनाला लागते. तरीही शासनाने ती किंमत मोजली हे योग्यच केले, असे मी स्पष्टपणे म्हणेन, कारण त्या तलवारीवर ज्या सुभ्याचे नाव कोरलेले आहे, तो सुभा आपला आहे.

या एका उदाहरणावरून जो विचार सुचतो, तो असा. लंडनची संग्रहालये पाहावयास जाणारे मराठी लोक आता थोडे नाहीत; यवतमाळ, पुसद, वणी येथील मुलेमुली शिक्षणाकरिता वा नोकरीकरिता तेथे राहतात आणि त्यांचे आईवडील वर्षा-दोन वर्षांनी तिकडे जाऊन येतात. ब्लूम्सबरीतील ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या ममीपुढे आणि ग्रीसच्या संगमरवरी मूर्तींपुढे ते विस्मयाने उभे राहतात, आणि राहावेच. परंतु त्याच शहरात आपल्या वऱ्हाडचाही इतिहास विखरून पडला आहे, याची वार्ता त्यांना कोणी देत नाही. तो विखुरला कसा, हे पाहिल्यावाचून तो शोधता येणार नाही.

ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ मध्ये लेडनहॉल स्ट्रीटवरील आपल्या कचेरीत एक ग्रंथालय स्थापन केले, आणि ज्यांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले होते त्या चार्ल्स विल्किन्स यांना त्यावर नेमले. हस्तलिखिते, नाणी, शस्त्रे, कापडाचे नमुने, खडक आणि वनस्पती अशा नाना वस्तूंची तेथे भर पडत जाऊन त्याचेच ‘इंडिया म्युझियम’ झाले. श्रीरंगपट्टणच्या लुटीतून आलेला टिपू सुलतानाचा लाकडी वाघ तेथेच लोकांना दाखविला जाई. ज्या इमारतीत हिंदुस्थानच्या संस्थानांचे भवितव्य ठरे, तिच्याच दालनांत हिंदुस्थानच्या वस्तू मांडलेल्या असत, ही स्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. सातारच्या प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये सुमारे चौदा वर्षे राहून आपल्या धन्याच्या न्यायाकरिता अर्जामागून अर्ज केले, ते याच इमारतीतील संचालक मंडळापुढे. आणि १८५३ मध्ये ते रिक्त हस्ताने परत आले. त्याच १८५३ सालच्या मे महिन्यात निजामाने, कंटिंजंट फौजेच्या खर्चाच्या बाकीपोटी, वऱ्हाडचा मुलूख कंपनीच्या स्वाधीन करण्याचा तहनामा करून दिला. आपला जिल्हा, जो पूर्वी ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये ‘यवतमाळ’ या नावाने नव्याने बांधला गेला, तो इंग्रजी दफ्तरात शिरला तो या तहनाम्याच्या वाटेने.

कंपनी गेल्यावर तिचे म्युझियमही निराधार झाले. १८६१ मध्ये ते एका जागी, १८६९ मध्ये दुसऱ्या जागी, आणि पुढे साउथ केन्सिंग्टनला असे हलत राहिले, आणि अखेर १८७९ मध्ये त्याचा संग्रह वाटून टाकण्यात आला. कलाकुसरीच्या वस्तू, शस्त्रे आणि वस्त्रे साउथ केन्सिंग्टन म्युझियमकडे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडे, गेली. शिल्पे व पुरातन वस्तू ब्रिटिश म्युझियमकडे. वनस्पतींचे नमुने क्यू येथील उद्यानाकडे. आणि ग्रंथ, हस्तलिखिते व दफ्तर कंपनीच्या जागी आलेल्या इंडिया ऑफिस या सरकारी खात्याकडेच राहून १९८२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीत विलीन झाले. एकाच घराण्याची सनद एका इमारतीत, तिच्या धन्याचे शस्त्र दुसरीत आणि त्याच्या मुलखातला दगड तिसरीत, अशी ही विभागणी असल्यामुळे, आपल्याकडील जिज्ञासू माणसाने एकच म्युझियम पाहून समाधान मानणे पुरेसे नाही.

दगडाचेच उदाहरण प्रथम घेऊ. नागपूरला मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप यांना भूगर्भशास्त्राचा गाढ व्यासंग होता, आणि नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवर, वर्धा नदीच्या खोऱ्यातील मांगली या गावच्या दगडांत त्यांच्या हाती एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी लागली. तिचे वर्णन रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये प्रसिद्ध करून त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले, आणि ती कवटी आता लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात आहे. ज्या गोंडवनी खडकांत वणीचा कोळसा सापडतो, त्याच कुळातील थरांत हा प्राणी गाडला गेला होता. आणि त्याला उजेडात आणणारे हिस्लॉप स्वतः १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांचे नाव चालविते, पण त्या कॉलेजात शिकून यवतमाळास परतलेल्या किती पदवीधरांना ही कवटी ठाऊक असेल!

परंतु माझ्या मते या सर्व विखुरलेल्या वस्तूंत आपल्याला अत्यंत जवळची जी आहे, ती दिसायला अगदी सामान्य आहे. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात एक ताम्रपत्र पडून होते, आणि तेथील ग्रंथपाल एच. एन. रँडल यांनी ते वाचून प्रसिद्ध केले, तेव्हा ते वाकाटक महाराज देवसेन यांचे दानपत्र असून वत्सगुल्म येथून, म्हणजे आजच्या वाशीमहून, दिलेले आहे असे निष्पन्न झाले. वाशीम ही आपली शेजारी, आणि पुसद तालुका तर १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यातच मोडत होता. तेव्हा हे ताम्रपत्र परक्या मुलखाचे मुळीच नव्हे. याच देवसेनाच्या कारकिर्दीत वाशीमजवळ हिस्से-बोराळा येथे सुदर्शन नावाचे तळे बांधले गेले, त्याच्या शिलालेखावर शके ३८० हा स्पष्ट काळ कोरलेला आहे, आणि देवसेनाचा पुत्र हरिषेण याच्या सचिवाने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले. वऱ्हाडच्या प्राचीन वैभवाची जी साखळी त्यातून उभी राहते, तिची एक कडी लंडनमध्ये वर्षानुवर्षे अबोल पडून होती.

आणि येथेच यवतमाळचे नाव अभिमानाने घ्यावे लागते. वाकाटकांची वाशीमला स्वतंत्र शाखा होती, हे निर्विवादपणे सिद्ध करणारे विंध्यशक्तीचे ताम्रपट १९३९ मध्ये वाशीमलाच, एका शास्त्रीबुवांच्या संग्रही, उपलब्ध झाले. काही भाग संस्कृतात आणि बाकीचा प्राकृतात लिहिलेले, राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षातील. त्यांचा पहिला वृत्तान्त विद्वानांपुढे ठेवणाऱ्या दोघांतील एक होते यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे. व्यवसायाने वकील असलेल्या या गृहस्थांनी यवतमाळसारख्या, विद्यापीठ नाही आणि मोठे ग्रंथालयही नाही अशा, गावात ‘शारदाश्रम’ ही संशोधनसंस्था उभी केली, वऱ्हाडातील खेड्यापाड्यांतून पोथ्या, सनदा आणि जुने कागद गोळा केले, आणि १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ लिहून महानुभावांच्या मठांत सांकेतिक लिपींच्या आड राहिलेल्या साहित्याची ओळख अभ्यासकांना करून दिली. पुढे वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे सर्व लेख एकत्र संपादून १९६३ मध्ये प्रसिद्ध केले, त्या ग्रंथात लंडनचे ताम्रपत्र आणि वाशीमचे ताम्रपट शेजारी शेजारी येऊन बसले. ही जुळणी कोणत्याही म्युझियमने केली नाही, ती नागपूर-यवतमाळच्या पंडितांनी केली.

लंडनमध्ये बसून अशीच जुळणी करणारे मराठी लोकही होऊन गेले. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये उघडले तेव्हा तेथे प्रवेशाला मोल नव्हते आणि आजही नाही, जरी आरंभीच्या काळात लेखी अर्ज करून तिकीट मिळवावे लागे. आणि १८५७ मध्ये बांधलेली तेथील घुमटाकार वाचनशाळा तर जगातील निर्वासितांचे आणि विद्यार्थ्यांचे हक्काचे स्थान होते. ज्या सत्तावन्न साली ती उघडली, त्याच सालच्या समराचा इतिहास स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनच्या या संग्रहांतील सरकारी कागद वाचून लिहिला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले तेव्हा अर्धपोटी राहून दिवसचे दिवस याच वाचनशाळेत बसत, आणि १९२३ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध पुरा करून डी. एस्सी. ही पदवी मिळविली. म्युझियम पाहण्याची याहून थोर रीत मला माहीत नाही. मराठी हस्तलिखितांची यादी म्हणाल, तर ब्रिटिश म्युझियममधील पोथ्यांची ब्लूमहार्ट यांनी १९०५ मध्ये आणि इंडिया ऑफिसमधील पोथ्यांची ब्लूमहार्ट व कान्हेरे यांच्या नावाने १९५० मध्ये, अशा दोन याद्या छापून प्रसिद्ध आहेत. शोध घेऊ पाहणाऱ्याने तेथून प्रारंभ करावा.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधील वाघनखे २०२४ मध्ये उसनवारीच्या कराराने साताऱ्यास आणि त्यानंतर नागपूरला, १८६३ पासून चालू असलेल्या अजब बंगल्यात, आली, तेव्हा ती पाहण्यास विदर्भातील लोक मोठ्या उत्सुकतेने गेले. त्या वाघनखांबरोबरच्या पेटीवरील मजकुरात, ती शिवछत्रपतींची असून सातारचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली, असे म्हटले आहे. ती अफजलखानाच्या वधाच्या वेळचीच होत असे खात्रीने सांगता येत नाही, हे स्वतः त्या म्युझियमनेच नमूद केले आहे. वस्तू पूज्य असली तरी तिचा दाखला तपासून घ्यावा, ही शिस्त आपणही अंगी बाणविली पाहिजे. याच ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला, आणि ज्या दुसऱ्या बाजीरावाचे राज्य बुडण्याची हकीकत त्यात आली आहे, त्या बाजीरावाच्या फौजेचा १८१८ च्या एप्रिलात झालेला पराभव पांढरकवड्याच्या परिसरातील आहे. तेथून पळ काढल्यावर दोन महिन्यांच्या आत पेशवे इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले. त्या युद्धात दख्खनमध्ये मिळालेल्या लुटीच्या वाटणीचा तंटा लंडनमध्ये कित्येक वर्षे चालला. पांढरकवड्याच्या किती शाळांतून मुलांना ही हकीकत त्या शिवारात नेऊन सांगितली जाते?

म्हणून लंडनला निघालेल्या यवतमाळकरांना माझे सांगणे आहे, की जाण्यापूर्वी अजब बंगला एकदा लक्षपूर्वक पाहावा आणि वाशीमलाही जाऊन यावे. लंडनला पोहोचल्यावर केवळ मांडलेल्या वस्तूंवर भिस्त ठेवू नये, कारण संग्रहातील फार मोठा भाग कोठारात असतो. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने २०२५ मध्ये पूर्व लंडनमध्ये उघडलेल्या कोठारात आगाऊ मागणी नोंदवून हवी ती वस्तू समोर आणवून पाहता येते, आणि ब्रिटिश लायब्ररीत वाचकाचा परवाना काढून जुने दफ्तर वाचता येते. आणि जे कोठेही जाणार नाहीत, त्यांच्याकडे तर याहून मोठे काम आहे. आपल्या घराच्या माळ्यावर, देवघराच्या पेटीत किंवा जुन्या पाटीलकी-देशमुखीच्या दप्तरात मोडीचे कागद, सनदा, पोथ्या अथवा ताम्रपट असतील, तर ते रद्दीच्या वा भंगाराच्या दुकानी जाऊ देऊ नका. जाणत्या माणसाकडून वाचून घ्या, त्यांच्या नकला करा, आणि मूळ कागद जिल्ह्यातच नीट जतन होतील अशी तजवीज करा.