आकुर्डीचा कारखाना आणि ऐच्छिक निवृत्ति

कारखाना कोणत्या सालीं उघडला हें इतिहासांत ठळकपणें नोंदविलेलें असतें. त्यांतून माणसें केव्हां व कशीं बाहेर पडलीं, हें मात्र सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. पुणें शहरास हा अनुभव जुना आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें सरदारांच्या जहागिरींची व्यवस्था लावली, ती दप्तरांत नमूद आहे. परंतु चाकरी गेलेल्या साध्या शिलेदाराचें पुढें काय झालें, याचा माग लागणें कठिण. आमच्या काळांतील कामगाराची तीच गत होऊं नये, म्हणून आकुर्डीची हकीकत येथें थोडक्यांत सांगतों.

बजाज कंपनीची ‘चेतक’ स्कूटर १९७२ सालीं निघाली. गाड्या किती करावयाच्या हें त्या काळीं सरकारी परवान्यानें ठरे. मागणी उदंड व माल तुटपुंजा, त्यामुळें ग्राहकास नंबर लावून कित्येक वर्षें वाट पाहावी लागे. अशा कारखान्यांत चिकटलेला मुलगा जन्माचा मार्गीं लागला, असें घरोघरीं समजत. पण ही निश्चिंती जितकी कारागिरीची, तितकीच परवान्याचीही होती. १९९१ नंतर तें बंधन गेलें, थोड्या पेट्रोलांत लांबचा पल्ला गांठणाऱ्या मोटारसायकलीकडे लोक वळले, आणि स्कूटरची मागणी ओसरली. कंपनीनेंही मोटारसायकली काढल्या, परंतु भर चाकणच्या आणि पुढें, जेथें करांची सवलत होती, त्या उत्तराखंडांतील पंतनगरच्या नव्या कारखान्यांवर राहिला. अखेर २००७ च्या सप्टेंबरांत आकुर्डीचें उत्पादन थांबलें.

तेथील सुमारें २,७०० कामगारांस कोणी काढून टाकलें, असें म्हणतां येणार नाहीं. १९७६ सालीं औद्योगिक कलह कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें मोठ्या कारखान्यांस कपातीपूर्वीं सरकारची परवानगी घेणें भाग पडलें होतें. तेव्हांपासून ‘कपात’ हा शब्द मागें पडत गेला व ‘ऐच्छिक निवृत्ति’ हा रूढ झाला. कामगाराच्या पदरांत एकरकमी पैसा पडूं लागला, हें या कायद्याचें यशच होय. परंतु ज्याचे हात वीस-पंचवीस वर्षें एकाच कामास सरावले, त्या पन्नाशींतल्या माणसापुढें बंद यंत्र ठेवून त्याची इच्छा विचारण्यांत कितीसा अर्थ उरतो? हंगामी कामगारास तर तेवढीही विचारणा नसते. २००८ च्या जागतिक मंदींत मालट्रकांची मागणी घटून पिंपरीचा टाटा मोटर्सचा कारखाना कांहीं दिवस बंद ठेवावा लागला. अशा वेळीं कायम कामगार घरीं बसून परत येतो. हंगामी कामगाराची मुदत संपली, कीं ती वाढवीत नाहींत. त्याचें नांव निवृत्तांच्या यादींतही सांपडावयाचें नाहीं.

२०२२ च्या जूनमध्यें त्याच आकुर्डीस विजेवर चालणाऱ्या ‘चेतक’चा नवा कारखाना सुरू झाला. उद्योगाच्या इतिहासांत हें पुनरागमन अभिमानानें लिहिलें जाईल, आणि तें योग्यच आहे. परंतु २००७ सालीं पन्नाशींत असलेला कामगार तोंवर पासष्टीचा झाला होता. त्याचा करारनामा, वेतनाची शेवटची पावती व संघटनेचीं पत्रकें पिंपरी-चिंचवडच्या घरांतून अद्याप असतील. पेशव्यांच्या दप्तरासाठीं आयुष्यें वेंचणाऱ्या या शहरानें तीं रद्दींत जाण्यापूर्वीं गोळा करावीं, एवढीच आमची विनंती आहे.